कागदावर न उतरलेला साक्षीदार

इब्तिहाल जिन्यावरून इतक्या तरातरा उतरली, की समोरून येणाऱ्या रिफअतच्या हातातला चहा थेट तिच्या काळ्या झग्यावर सांडला.

“माफ करा, उस्ताझा! भाजलं का?”

“चहानं नाही. तुमच्या लेखणीनं!”

तो गोरामोरा झाला. मन्सूरा शहराच्या फौजदारी कोर्टात सुनावणीचं टिपण तोच हातानं लिहायचा. अक्षर असं, की बघत राहावं! पण आत्ताच ते टिपण वाचून या तरुण वकिलीणबाईंच्या, म्हणजे कोर्टातल्या ‘उस्ताझां’च्या, पायाखालची जमीन सरकली होती.

“माझ्या अशिलासाठी, आशूरसाठी, मी साक्षीदार मागितला. मायक्रोबसवाला महरूस. चोरी झाली तेव्हा आशूर त्याच्याच गाडीत बसला होता. तुमच्या कागदावर एक अक्षर नाही! आणि कागदावर नाही, ते मी बोललेच नाही... हो ना? उद्या निकाल आहे. निरपराध माणूस आत जाईल!”

“मी ऐकत होतो... अगदी जिवाचा कान करून.”

“मग लिहिलं का नाहीत?”

“तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात ना... तिथून पुढे—”

तिला संताप आला आणि हसूही फुटू पाहत होतं. मेला दिसायला बरा होता, हीच तर पंचाईत!

“आता मधेच लिहून टाकू?” त्यानं चाचरत विचारलं.

“सही झालेल्या कागदात? खबरदार! न्यायाधीशांना खरं काय ते सांगा.”

“बदली होईल माझी.”

“होऊ दे.”

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि तडक जाऊन न्यायाधीशांच्या खोलीचं दार ठोठावलं. ती बाहेर दाराला कान लावून उभी राहिली.

“लक्ष कुठे होतं तुझं?” आतून आवाज चढला.

“उस्ताझा इब्तिहालकडे, साहेब.”

तिचे कान लालबुंद झाले. इतकं खरं सांगायला कुणी सांगितलं होतं याला!

निकाल पुढे गेला. महरूसला समन्स निघालं. आणि रिफअतची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत झाली.

तीन आठवड्यांनी ती तळघरात उतरली.

“आशूर सुटला!”

“अल्हम्दुलिल्लाह!” धुळीनं माखलेला रिफअत हसला. “कुठली फाइल काढू, उस्ताझा?”

“कुठलीच नाही. तुम्ही माझं टिपण लिहीत होतात, तोवर तुमच्याकडे बघायचीही चोरी होती. आता नाही.” तिनं चष्मा कपाळावर सरकवला. “शुक्रवारी घरी या. बाबांकडे माझा हात मागा.”

रिफअत फायलींच्या ढिगावर मटकन बसला. “आणि... तुम्ही काय म्हणाल?”

“हो म्हणणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.”