जपणीसाने न पाहिलेली खाडी

भांडारात लाखभर चित्रपट आणि पडद्यावर मात्र रोज तीच तीच चाळीस चित्रं. असं कसं होतं, सांगा बघू!

शलाका केळुसकरला हे कोडं सुटत नव्हतं, आणि ते सुटलं नाही तर तिच्या आबांचं फार मोठं नुकसान होणार होतं. शलाका अकरा वर्षांची. जन्म मंगळावरचा, तांबडवाडीतला. तांबडवाडी म्हणजे लाल मातीत अर्ध्या पुरलेल्या घुमटांची वसाहत. तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, पहिल्या तुकडीबरोबर पृथ्वीवरून आलेले संगणकशास्त्रज्ञ. गेले काही महिने त्यांचे डोळे अधू होत चालले होते. त्यांचं दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा, ज्यावर चित्र उमटतं) झिजत होतं. पुढचं जहाज येईपर्यंत जेमतेम उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. इलाज पृथ्वीवर होता, पण तिथवरचा प्रवास या वयात त्यांना झेपणारा नव्हता.

त्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "एकच गोष्ट राहिली गं. लहानपणी मी एक चित्रपट पाहिला होता. एक खाडी, एक होडीवाला, आणि त्याचा एक दिवस. बास! मारामारी नाही, गाणी नाही. डोळे जायच्या आत तो तुझ्याबरोबर बघायचाय. पाणी म्हणजे काय असतं ते तुला एकदा कळू दे."

"नाव काय त्याचं?"

"तेच तर आठवत नाही ना!"

झालं! नाव नाही म्हणजे सगळंच अडलं. तरी शलाका पडद्यापुढे बसली. 'तुमच्यासाठी खास' म्हणून पडद्याने काय दाखवावं? 'साताजन्मांची जाऊ'. ती मालिका सोडून दुसरं काही दाखव म्हटलं, तर 'आठव्या जन्माची नणंद'. आणखी खाली गेलं तर जावा, नणंदा, भाऊबंदकी आणि दागिन्यांच्या चोऱ्या. खाली जाऊन जाऊन बोट दुखलं, तरी खाडी काही येईना.

"आबा, हे असलं आपण कधी मागितलं? मला तर बघवतही नाही!" शलाका रडकुंडीला आली.

"जपणीसाला विचारू या," आबा म्हणाले.

फडणीस, चिटणीस तसा हा जपणीस. चित्रभांडाराची राखण करणारा, चार चाकांचा, बुटका यंत्रमानव. पृथ्वीवर म्हणे हवं ते थेट तारेवरून घरी येतं. मंगळावर ती चैन नाही. पृथ्वीवरून निघालेला संदेश इथे यायलाच कधी तीन मिनिटं लागतात, कधी वीसच्या वर, आणि ती वाटही अरुंद. त्यामुळे चित्रपट यायचे ते जहाजाने, सव्वादोन वर्षांतून एकदा. आल्यावर भांडारात साठवायचे आणि कुणाला काय दाखवायचं ते जपणीसाने ठरवायचं.

"जपणीसा," भांडारात गेल्यावर शलाकाने विचारलं, "खाडी आणि होडीवाला असलेला चित्रपट आहे का रे?"

"मला माहीत नाही," जपणीस गोड आवाजात म्हणाला. "चित्रपटात काय असतं ते मला ठाऊक नसतं. मी एकही चित्रपट पाहिलेला नाही."

अहो, अख्ख्या वसाहतीला काय बघा ते सांगणारा हा प्राणी, आणि याने स्वतः एकही चित्रपट पाहिलेला नाही!

आबा भिंतीला टेकून बसले आणि समजावू लागले. "घुमटाबाहेर धुळीत पावलांचे ठसे असतात की नाही? कोण कुठून कुठे गेलं ते त्यावरून कळतं. माणसाचा चेहरा दिसायची गरज नसते. हाही नुसते ठसे वाचतो. अमक्या घरात अमकं चित्र किती वेळ चाललं, एवढंच. मग दोन घरांचे ठसे सारखे दिसले की एकाने पाहिलेलं तो दुसऱ्याला सुचवतो. याला म्हणतात सहगाळणी (सारख्या आवडीच्या माणसांवरून तुमची आवड ताडणं). युक्ती चांगली आहे, नाही म्हणत नाही मी."

"मग आपल्याला जावाच का दाखवतो?"

"आपल्या घरी कुठले ठसे दिसतात याला?"

शलाकाने डोळे मिटले आणि घर आठवलं. मग कपाळावर हात मारला.

आता तुम्हाला तांबडवाडीची एक खोड सांगायला हवी. मंगळावरची हवा इतकी विरळ की बाहेरचा आवाज आत येतच नाही. पानांची सळसळ नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही, शेजारच्यांचं भांडणसुद्धा नाही. घरात एकटं माणूस असलं की घर खायला उठतं. म्हणून पहिल्या तुकडीतल्या लोकांनी दिवसभर कुठलीशी मालिका लावून ठेवायला सुरुवात केली. बघायला कुणी नाही, नुसता माणसांचा आवाज असावा म्हणून. 'साताजन्मांची जाऊ' ही सगळ्यात लांबलचक, लावली की महिनोन्‌महिने बदलायला नको. बस्स, घरोघर तीच लागली! शलाकाच्या घरी तर ती पडद्यावर अशी चालू असायची, जसा एखाद्या घरी पंखा चालू असतो.

"म्हणजे याला वाटतं, आम्हाला ती जीव की प्राण आहे?"

"वाटत काही नाही गं त्याला. पंचायतीने नियम दिलाय : ज्यावर जास्त वेळ, ते जास्त आवडीचं. मोजायची होती आवड. ती दिसत नाही, म्हणून मोजला वेळ. आणि मग ते दोन एकच आहेत असं सगळे धरून चालले. आता पुढची गंमत बघ. तो मालिका दाखवतो, म्हणून लोक मालिका लावतात. लोक लावतात, म्हणून तो आणखी दाखवतो. हे प्रत्याभरण (निघालेलं उत्तरच पुन्हा प्रश्नात मिसळणं). एकदा हे चक्र सुरू झालं की बाकीचं सगळं आपोआप तळाला जातं."

"मग तळातून काढू या!"

"तळाला कात्री लागली आहे," जपणीस तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "नवीन जहाज येत आहे. त्यातल्या चित्रांसाठी जागा हवी. सर्वांत कमी पाहिलेली चित्रं, प्रत्येकाच्या शेवटाकडून, तुकड्यातुकड्याने पुसणं सुरू केलं आहे. 'साताजन्मांची जाऊ'चे नवे भाग येत आहेत."

आबांची खाडी कुणी बघत नव्हतं, म्हणजे ती तळालाच असणार. आणि तळ पुसला जात होता.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरली. "मालिका बंद करा ना! तिच्यापायी चांगली चित्रं मरताहेत!"

"बघतंय कोण मेली ती मालिका!" मुणगेकर काकू हसत म्हणाल्या. "मला तर कोण कुणाची जाऊ तेही ठाऊक नाही."

प्रत्येक घरी हेच उत्तर. सगळी वाडी ऐकत होती आणि बघत कुणीच नव्हतं. शेजारच्याला आवडते म्हणून ती येत असावी, असं ज्याला त्याला वाटत होतं. शलाकाला आशा वाटली. मुणगेकर काकूंनी तर तिच्यासमोर पडदा बंदही केला.

खोलीत शांतता पसरली. काकूंनी ओट्यावरचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं, खुर्ची सरकवली. मग ओशाळून म्हणाल्या, "नको गं बाई. मुलगा खाणीत, सून रुग्णालयात. दिवसभर मी एकटी. ही शांतता नाही सोसवत मला." आणि त्यांनी पडदा पुन्हा लावला.

वाईट कुणीच नव्हतं हो! हेच तर दुःख होतं. रागवायचं तरी कुणावर? शलाका घरी आली आणि उशीत डोकं खुपसून हमसाहमशी रडली. आबा पाठीवर हात ठेवायला गेले तर हात चुकून उशीवर पडला. तेवढ्या दिवसांत त्यांचे डोळे आणखी अधू झाले होते.

"ऐक," ते म्हणाले. "चक्र मोडता येत नसेल तर त्याला एक भोक तरी पाडू. दहातली नऊ चित्रं जपणीसाने त्याच्या हिशेबाने दाखवावीत. दहावी जागा मोकळी. तिथे कुणी कधी न पाहिलेलं काहीही, डोळे मिटून काढलेलं. याला धांडोळा म्हणतात (उपयोग होईल की नाही ते माहीत नसताना मुद्दाम नवीन ठिकाणी शोधणं). नुसतं ओळखीचंच दाखवत राहिलं तर अनोळखी चांगलं आहे हे कळणार कसं?"

शलाकाच्या आईने पंचायतीत हा विषय मांडला. पुसणं थांबवायला पंचायत काही तयार झाली नाही, जागा खरंच नव्हती. दहावी जागा मात्र दिली. शिवाय चित्र संपल्यावर जपणीसाने 'आवडलं का?' असं सरळ विचारायचं आणि 'हो' आलं तर ते चित्र पुसायचं नाही, हेही मान्य झालं. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं म्हणजे कमालच म्हणायची!

मग सुरू झाली ती नुसती निराशा. दहाव्या जागेवर रोज काहीतरी उगवायचं. फरशी बसवण्याचे धडे. कुणाच्या तरी मुंजीचं चित्रण. टक्कल पडू नये म्हणून करायचे व्यायाम. शलाका प्रत्येक चित्र लावायची आणि आबांना सांगायची. आबा मान हलवायचे, "हा नव्हे." कधी नुसतं नाव यायचं आणि खाली करडा पडदा, म्हणजे पुसून झालेलं. असा करडा पडदा दिसला की तिला वाटायचं, हाच तर नसेल? कळायला मार्गच नव्हता. एकीकडे भांडार पुसलं जात होतं आणि दुसरीकडे आबांच्या डोळ्यांतलं जग. जहाज आकाशात ठिपक्यासारखं दिसू लागलं तेव्हा आबांना तो ठिपका दिसला नाही. त्यांना खिडकीही दिसली नाही.

आणि मग एका सकाळी पडद्यातून आवाज आला. कर्र, चुबुक. कर्र, चुबुक.

आबा ताडकन उठून बसले. "वल्हं! शलाके, ते वल्हं आहे! हाच तो!"

शलाकाचे डोळे भरून आले. चित्र सापडलं, आणि बघायला डोळेच उरले नव्हते. "उशीर झाला हो आबा," ती म्हणाली.

"झाला खरा," आबा म्हणाले. "आता तू बघ आणि मला सांग."

"एक माणूस आहे. आबा, तो... तो डब्याने पाणी बाहेर फेकतोय! इतकं पाणी! वेडा आहे का हा? कुणी पकडत कसं नाही त्याला?"

आबा कित्येक महिन्यांनी खदखदून हसले. "होडीत शिरलेलं पाणी उपसतोय तो. पुढे?"

"दोन मुलं चढली. एक बाई, तिच्या टोपलीत पिसांचं काहीतरी आहे, ओरडतंय. आता काठावरचं पाणी मागे गेलंय. नळ कुणी बंद केला?"

"ओहोटी. चंद्र आणि सूर्य समुद्राचं पाणी ओढतात, त्यामुळे ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आता चिखल दिसत असेल."

"हो! आणि चिखलात कोणीतरी आडवं चालतंय!"

"कुर्ली. खाडीतला खेकडा," आबा म्हणाले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. शलाका सांगत राहिली. पाण्यावर उजेड कसा तुकडे तुकडे होऊन हलतो ते सांगताना तिला शब्द सापडेनात, तेव्हा आबांनी तिचा हात धरून तळहातावर बोटांनी ते करून दाखवलं. होडी खाडीच्या मध्यावर आली. एक म्हातारी एकटीच तीत बसली होती. आणि पडदा करडा झाला.

"संपला?" आबांनी विचारलं.

"पुसलाय. पुढचं सगळं पुसलंय."

मग आबा हळूच म्हणाले, "म्हातारी पैलतीरावर उतरते. तिची छत्री होडीत राहते. तो हाका मारतो, पण तिला ऐकू येत नाही. मग तो चिखलातून धावत जाऊन छत्री देऊन येतो. संध्याकाळ होते. भरती येते. तो होडीत बसून राहतो. आणि मग..."

"मग?"

"नाही गं आठवत. किती लहान होतो मी. शेवट गेला बघ."

"पृथ्वीवर असेल ना?"

"कुणी बघत नसेल तर तिथेही गेला असेल. तिथेही जपणीस आहेत."

जपणीसाने पडद्यातून विचारलं, "आवडलं का?" शलाकाने 'हो' म्हटलं. तांबडवाडीच्या भांडारात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून 'हो' म्हटलं होतं. अर्धं राहिलेलं ते चित्र आता पुसायचं नाही, असं जपणीसाने जाहीर केलं. तेवढं तरी वाचलं.

मग शलाकाने विचारलं, "आबा, चित्र पुसता येतं. पण खाडी?"

"खाडीला कोण पुसणार गं!"

"मग मोठी झाले की मी जहाजाने जाईन. होडीत संध्याकाळपर्यंत बसेन आणि शेवटी काय होतं ते बघून तुम्हाला कळवीन."

किती वर्षं लागतील याचा हिशेब आबांनी मनात केला असणार, पण तो त्यांनी सांगितला नाही. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"भरतीच्या वेळी जा हो," ते म्हणाले. "ओहोटीला होडी चिखलात रुतते."