मोहगावची हडळ

सौंसरची दामिनी पडेल सिनेमांवर विनोदी व्हिडिओ करायची. कुणी न पाहिलेले, कसेबसे काढलेले भुताचे सिनेमे ती शोधून आणायची आणि आपल्या बोलीत त्यांची अशी खेचायची की नागपूरपर्यंतचे लोक पोट धरून हसत. तसाच एक सिनेमा आणायला ती मोहगावला भाऊरावांकडे गेली.

भाऊराव पूर्वी लग्नांचं शूटिंग करत. तरुणपणी त्यांनी गावातलीच माणसं घेऊन संत्र्याच्या बागेत ‘मोहगावची हडळ’ काढला होता. हडळ झाली होती त्यांची बायको, कमल. सिनेमा गावात दाखवला तेव्हा लोक भ्यायचं सोडून हसत सुटले. पुढे कमल बाजाराला निघाली की मागून खिदळणं ऐकू यायचं. तिनं घराबाहेर पडणंच सोडलं, आणि एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. तिचं दुसरं कुठलंच चित्रण नव्हतं, म्हणून भाऊराव रोज संध्याकाळी हाच सिनेमा लावून बसत. पेन ड्राइव्ह हातावर ठेवताना ते हळूच म्हणाले, "सिनेमाले हास, बेटा. माह्यावर हास. तिच्यावर नको हासू."

दामिनीनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी गेल्यावर तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर नायक लुनाला किका मारत होता. लुना काही सुरू होईना, आणि मागे हडळ हात पसरून जागच्या जागी उभी, त्याची गाडी सुरू व्हायची वाट पाहत. दामिनीला राहवलं नाही. "इतकी समजदार हडळ म्या नाही पाहिली," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

सिनेमातलं संगीत थांबलं.

हडळीनं पसरलेले हात सावकाश खाली घेतले. तिनं सरळ पडद्याबाहेर, दामिनीकडे पाहिलं. मग लाजेनं तोंडावर पदर ओढून ती झाडांमधून निघून गेली. नायक मात्र मोकळ्या जागेकडे बघून किंचाळतच राहिला.

दामिनीनं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. हडळ कुठंच नव्हती. कुणी धरलेलं नसतानाही एक माणूस आपला गळा सोडवत तडफडत होता. रिकामा झोका हलत होता. आणि खोलीत ओल्या, कुजक्या संत्र्यांचा वास दाटत चालला होता...

भाऊरावांकडची मूळ प्रत तरी धड असेल, या एकाच आशेवर तिनं घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारी बसलेल्या आईच्या हाती दिली आणि मोहगावची बस धरली.

ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. भाऊराव टीव्हीसमोर बसले होते. समोर तोच रिकामा झोका हलत होता.

"कालपर्यंत होती," ते म्हणाले. "गेली कुठं?"

दामिनीनं सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. उठून त्यांनी काचेवर, जिथं कमल दिसायची तिथं, तळहात ठेवला.

तेवढ्यात दामिनीचा फोन वाजला. आईचा नंबर होता. तिनं कानाला लावला तर कुणी बाई हसत होती. आई नव्हे. दबकं, मग मोठं, मग श्वासही न घेता चाललेलं हसणं... दामिनीच्या हातून फोन सुटला. फरशीवरूनही ते हसणं येतच राहिलं.

भाऊरावांनी वाकून फोन उचलला. त्यांचा चेहरा बदलला. सिनेमात हडळीला आवाज नव्हता. हे हसणं त्यांनी किती वर्षांनी ऐकलं होतं कोण जाणे.

दामिनीनं त्यांच्या फोनवरून शेजारच्या सुचिताकाकूंना फोन लावला. आई कशी आहे, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"शकुंतला? माह्याजवळच तर बसून आहे," काकू म्हणाल्या. "फोन घरातच राहिला म्हणते. काऊन वं, काय झालं? तुमच्या घराले तर कुलूप आहे."

दामिनीनं वळून पाहिलं. भाऊरावांनी फोन कानाशी घट्ट धरला होता, आणि दुसऱ्या हातानं ते चपला शोधत होते.

"कमल," ते म्हणत होते, "तिथंच थांब. मी येऊन राहिलो."