माळ्याची किल्ली

"तुझ्या हातचा घोट नको मला!" अंथरुणावरच्या नात्सारेनोनं तोंड फिरवलं आणि त्याच्या मुलीच्या, एर्सिलियाच्या हातातला पाण्याचा पेला चादरीवर हिंदकळला.

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं ती बापाचं जेवण, औषधपाणी आणि आता हे शेवटचं आजारपण निमूटपणे सांभाळत आली होती. पण इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या त्या जुन्या घराची गोड वाइन ज्या माळ्यावर मुरत असे, तिथं पाऊल टाकायची तिला बंदी होती. पणजोबांपासून पिंपांच्या तळाशी जपलेला दाट साका म्हणजे त्या घराच्या वाइनचं विरजण... आणि ते तिनं एकतीस वर्षांपूर्वी उकळत्या पाण्यानं धुऊन टाकलं, असंच सारा गाव समजत होता.

दाराशी तिचा धाकटा भाऊ दुच्चो उभा होता. "बाबा," त्याचा आवाज फाटला, "पिंपं मी धुतली होती. लखलखीत दिसली की तुम्ही शाबासकी द्याल असं वाटलं मला... ताईनं आळ स्वतःवर घेतला!"

"गप्प बस, दुच्चो!" एर्सिलिया कळवळली.

"अजून किती गप्प बसू? माळा तुझा होता गं, आणि मिळाला मला! वाइन पारखायला माझं नाक कुठलं, ते नुसतं शेंबूड गाळायच्या कामाचं!"

म्हाताऱ्यानं फिरवलेलं तोंड तिच्याकडे वळवलं. "का नाही बोललीस, पोरी?"

"तुम्ही त्याला घराबाहेर काढलं असतंत."

"काढलंच असतं... आणि तुला घरात ठेवून बाहेर काढलं."

त्यानं उशीखालून माळ्याची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

माळ्यावर द्राक्षांचे घोस सुकत टांगले होते. बोटांच्या सुजल्या पेरांनी तिनं एकेक पिंप ठोकलं, खाली बापाला ऐकू जावं म्हणून जरा जोरातच! तिसऱ्याचा आवाज मनाला पटला, तेव्हा तिनं त्याचं बूच काढून पेला भरला.

खाली येऊन तिनं पेला पुढे केला. नात्सारेनोनं बुडाशी हात लावून तो तिच्याकडेच सरकवला. "आधी तू."

त्या घरात पहिला घोट माळा सांभाळणाऱ्याचा असे.

तिनं डोळे मिटले. गोडवा होता, ऊन होतं... पण तळाची ती खोल, जुनी चव नव्हती. ती आता कुणालाच परत आणता येणार नव्हती! छान आहे म्हणावं का? नको. या घरात एक खोटं पुष्कळ झालं.

"पातळ आहे, बाबा. पण नवा साका धरू लागलाय. अजून दहा वर्षं द्यायला हवीत."

तिनं डोळे उघडले. बापाची छाती हलत नव्हती. त्याचा हात पेल्याच्या बुडाशी तसाच टेकलेला होता... पण पेल्याचा भार आता एकट्या तिच्याच हातावर होता.