किटलीतलं उरलेलं पाणी

पातागोनियाच्या वाऱ्यानं एलिसेओची टोपी उडवली, ती कुंपण ओलांडून नेरिसच्या प्रयोगाच्या रानात मेलोसा नावाच्या एका डिंकाळ झुडपाला चिकटली. डिंकानं बरबटलेली टोपी सोडवताना नेरिस इतकी हसली, की तो मेंढ्या राखणारा गडी तिथंच कामातून गेला.

“या डिंकाच्या इंधनावर ट्रॅक्टर चालणार आहेत,” ती म्हणाली. “पाण्याविना तगणारं झुडूप तेवढं सापडायला हवं.”

“माझी टोपी तर थांबली, इंजिनियर.”

मग रोज सकाळी तो माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, प्यायला गरम पाण्याची किटली घेऊन येऊ लागला. एकच पेला, एकच नळी... तिचे ओठ लागलेली नळी हातात आली की त्याचं बोलणं अडखळे. उठताना उरलेलं पाणी तो गुपचूप त्याच झुडपाच्या बुडाशी ओती. ते फुललं की ती हसे, एवढंच त्याला कळत होतं.

आधी कडाक्याचं हिव पडलं, मागून कोरडा उन्हाळा आला. बाकीची झुडपं करपली, त्यातली थोडी कशीबशी तगली; ते मात्र तरारलं.

“थेंबभर पाण्याशिवाय,” नेरिस त्याच्याकडे न बघता म्हणाली. “उद्या याचंच बी खुडायचं. पुढचं सगळं पीक याच्यापासून.”

एलिसेओला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सांगावं तर ही पुन्हा तोंड बघायची नाही. न सांगावं तर हिची सगळी मेहनत मातीत.

“थेंबभर नाही...” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मी रोज किटली इथंच ओतायचो. तू याच्याकडे बघून हसायचीस — म्हणून.”

त्याची कानशिलं तापली. मान वर करायची हिंमत होईना.

“मला माहीत होतं.”

त्यानं दचकून पाहिलं. आता तीच लाल झाली होती.

“बुडाशी ओल दिसायची. दव असेल, म्हणायचे मनाला. बोलले असते तर तू ओतणं थांबवलं असतंस... कदाचित येणंही. आणि उद्या हेच खोटं सगळ्यांना सांगणार होते. स्वतःला इंजिनियर म्हणवायची लाज वाटते, एलिसेओ.”

तिनं बियाण्यासाठी निवडलेल्या त्या झुडपाला बांधलेला बिल्ला तार तोडून काढला.

“बी त्या करपलेल्यांतलं घेऊ. पाण्याविना जे तगलंय, त्याचं.”

“मग याचं काय?”

“याला घाल की पाणी,” ती म्हणाली. “पण उघड. माझ्यासमोर... रोज.”