मधकेळीचा हट्टी गोळा

बरणीतला गोळा रोज वाढत होता, तरी कृत्तिकाचा जीव टांगणीला लागला होता.

"आत्या, एवढा वाढला, पण पान कुठाय?"

तिची आत्या, डॉ. सुलोचना भंगाळे, रावेरच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. आजोबांच्या मळ्यातली मधकेळ ही केळीची जात रोगाने गेली. दुसऱ्या कुणाकडे ती नव्हतीच, आणि केळीला बी धरत नाही. शेवटच्या निरोगी खोडातून काढलेल्या तुकड्यापासून वाढवलेला हा गोळा तेवढा उरला होता. आता तोही कडेने काळा पडू लागला होता.

"वजन दसपट!" टिल्लू ऐटीत म्हणाला. टिल्लू म्हणजे प्रयोगशाळेतला यंत्रमानव; नाव टिल्लू आणि डोकं छताला. "वाढव म्हणालात, वाढवला."

"नुसता फुगवलास!" कृत्तिका चिडली.

आत्याने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवून गोळ्यातल्या पेशींचं वेग वाढवलेलं चित्रण दाखवलं. एका पेशीतले धागे दुप्पट झाले, दोन टोकांना गेले, मध्ये भिंत उभी राहिली. एकीच्या दोन झाल्या!

"हे सूत्री विभाजन (एका पेशीपासून हुबेहूब दोन होणे)," आत्या म्हणाली. "ते धागे म्हणजे गुणसूत्रे (सजीव कसा घडवायचा याची माहिती बाळगणारे धागे). तूही एका पेशीपासूनच वाढलीस."

"मग माझं हाड वेगळं आणि डोळा वेगळा कसा? धागे वाटून घेतले?"

"छे! प्रत्येकीकडे सगळी माहिती असते. घरात पाककृतींचं अख्खं पुस्तक असलं, तरी भरीत करायचं तर आपण भरिताचीच कृती वाचतो ना? पेशीही आपल्या कामापुरतंच वाचते आणि तसं रूप घेते. त्याला विभेदन म्हणतात."

कृत्तिका विचारात पडली. "पण काय वाचायचं, हे या गोळ्याला कोण सांगणार?"

"संप्रेरके (पेशींना निरोप देणारी रसायने). टिल्लू, तू कोणती देतोस?"

"कोंबाचं आणि मुळाचं, समसमान. पक्षपात नको."

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, समसमान मिळाली की पेशी नुसत्या वाढत राहतात!"

"मग कोंबाचं जास्त देऊ!" कृत्तिका उठलीच.

"काळं काढून तुकडे करावे लागतील," आत्या म्हणाली. " बिघडले तर मधकेळ संपली. अर्धा गोळा राखायचा का?"

कृत्तिकाला रडू येत होतं. तरी ती म्हणाली, "राखलेला काळाच पडेल. सगळा काप."

टिल्लूने कापला आणि तुकड्यांना कोंबाचं संप्रेरक जास्त दिलं. काही तुकडे काळे पडून गेले. उरलेल्यांकडे कृत्तिका रोज शाळा सुटल्यावर बघायची आणि हिरमुसून घरी जायची. मग एका तुकड्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, आणि तिच्या ओरडण्याने टिल्लू दचकून छताला आपटला. ठिपक्याचा कोंब झाला. आत्याने मुळांचं संप्रेरक वाढवलं, तशी पांढरी मुळंही फुटली.

पहिलं रोप कृत्तिकाने आजोबांच्या हातात ठेवलं. त्यांनी कोवळ्या पानावरून हलकेच बोट फिरवलं.

"अशी आणखी होतील?"

"हवी तेवढी, आजोबा!"

"मग माझ्या एकट्याच्या मळ्यात नको," ते म्हणाले. "चल, गावात कुणाकुणाला रोप हवंय ते विचारून येऊ."