बाबांच्या अंगावरची चादर

कॅमेरे घेऊन पतंग बघायला निघालात? आत्ता, अंधारात? जा की. काकूने विचारलं तर सांगेन, पोरं शास्त्रज्ञ झाली. पण आधी इथे बसा जरा. किडे काही गाडी पकडून गावाला जाणार नाहीत.

आमच्या ऑफिसात एक होता. माझ्या शेजारच्याच टेबलाला, आणि राहायलाही आपल्याच गल्लीत. आम्ही त्याला किडेमहर्षी म्हणायचो आणि तो ते कौतुक समजायचा, यावरून अक्कल किती ते ओळखा. टेबलावर फायली धूळ खात पडलेल्या आणि खणात काड्यापेट्या, काड्यापेट्यांत भुंगेरे. कोणी काम घेऊन आलं की म्हणायचा, "थांबा, याच्या मिशा बघतोय." लोक बिचारे उन्हातान्हात रांगेत, आणि हा भिंग लावून मिशा बघतोय!

घरी तर विचारू नका. भिंतभर काचेच्या पेट्या, त्यांत टाचण्यांनी टोचलेले पतंग, आणि डांबराच्या गोळ्यांचा असा वास की पाहुण्याने अर्धा चहा ठेवून उठावं. बायको शिंकून शिंकून अर्धी झालेली. याला ध्यास एकच. आजवर कुणाला न सापडलेला पतंग सापडावा आणि त्याला आपलं नाव लागावं. माणसांत नाव निघालं नाही, निदान किड्यांत तरी निघेल!

तर ती रात्र. ऑक्टोबरातली अमावास्या, शनिवार. अमावास्या म्हटल्यावर लगेच एकमेकांकडे बघू नका. चंद्र नसला की पतंग दिव्यावर जास्त येतात, म्हणून ही मंडळी अमावास्येवर डोळा ठेवूनच असतात. दोरीवर पांढरी चादर टांगायची, समोर झगझगीत दिवा लावायचा. किडे येतात आणि चादरीवर बसतात. चादर मात्र पांढरीच लागते.

नेमकी त्या दिवशी त्याची नेहमीची चादर फाटली. बायको माहेरी. याने कपाट उपसून जमिनीवर ढीग केला, तर सगळ्या चादरी फुलाफुलांच्या. घरात साधी पांढरी चादर एकच होती, आणि ती त्याच्या वडिलांच्या अंगावर होती.

वडील आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. आज रात्री त्यांना एकटं सोडू नका, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेला होता. म्हातारा म्हणाला, "आज नको ना जाऊस. जीव घाबरा होतोय माझा."

यावर या दिवट्याने काय उत्तर द्यावं? भुंगेऱ्याला बोट लावलं की तो पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडतो, पाहिलंय ना? सोंग असतं ते. जरा थांबलं की पाय हलतात. हा बापाला म्हणतो, "बाबा, असली सोंगं मी रोज बघतो. आलोच तासाभरात." आणि चादर ओढून घेतली. ढिगातली एखादी तरी त्यांच्यावर टाकावी? तेवढंही सुचलं नाही. तुम्ही समोर आहात म्हणून तोंड आवरतोय.

गावाबाहेर लाकडाची एक वखार आहे, बंद पडलेली. तिच्यामागे झाडी. तिथे याने दोरी बांधली, चादर टांगली, दिवा लावला. पतंग आले. भराभर आले. तपकिरी, हिरवट, काही तळहाताएवढे. महर्षी खूश.

थोड्या वेळाने लक्षात आलं, चादरीच्या मधोमध एक जागा रिकामीच राहतेय. पतंग तिथवर यायचे आणि वळून कडेला बसायचे. याने दिवा सरकवून पाहिला. तरी तेच. कडा भरत गेल्या, आणि भरता भरता त्या रिकाम्या जागेला आकार आला.

डोकं. खांदा. पोटाशी घेतलेले गुडघे.

अंगावर पांघरूण नसलं की माणूस कुशीवर कसा झोपतो... तसा.

आणि हा गाढव काय करत होता? फोटो काढत होता! मला म्हणाला, पतंग असे कधीच वागत नाहीत, म्हणून काढले.

मग चादर हलली.

काय म्हणालास? वारा? वा रे शहाण्या! दोरी हलत नव्हती. गवत हलत नव्हतं. चादरीच्या कडाही नाही. फक्त तो रिकामा भाग पुढे आला... आणि मागे गेला. पुढे आला... मागे गेला.

हळू.

आणखी हळू...

मग थांबला.

सगळे पतंग एकदम उडाले. चादर कोरी. आणि चादरीच्या मागून, अगदी जवळून...

"थंडी वाजतेय रे."

...

दिवा, चादर, सगळं तिथेच टाकून पळाला. आणि आला कुठे? माझ्या दारात. स्वतःच्या बापाकडे एकटं जायची छाती नव्हती. पायांत चपलाही नाहीत. मी टॉर्च आणि शाल घेतली आणि त्याला पुढे घालून त्याच्या घरी गेलो.

म्हातारा उघड्या गादीवर कुशीला वळलेला होता. गुडघे पोटाशी. हा माझ्या हातातला टॉर्च घेऊन दारातच उभा राहिला आणि उजेड बापाच्या पावलांवर धरला. म्हणाला, "बाबा, उठा. पुरे झालं सोंग."

आणि वाट बघत राहिला. पाय हलायची.

मी टॉर्च हिसकावून घेतला. पावलांना हात लावला. गार होती. माझी शाल काढून त्यांच्यावर घातली. पोटचा पोरगा उभा असताना शेजाऱ्याने! चादरही पहाटे मीच जाऊन आणली. तीच घालून त्यांना नेलं.

तुम्हाला वाटेल, शुद्धीवर आला असेल. कसचं काय! पुढच्या अमावास्येला नवी कोरी चादर विकत घेऊन स्वारी पुन्हा वखारीमागे. पहाटेपर्यंत बसला. एक पतंग आला नाही. भुंगेरा नाही. साधा डास नाही. तेव्हापासून आजतागायत नाही.

खोटं वाटतंय? पावसाळ्यात आपल्या गल्लीत दिव्याखाली पाखरांचा खच पडतो. त्याच्या ओसरीवरचा दिवा बघा, स्वच्छ. तो आमच्याकडे येऊन बसला की आमच्या दिव्यावरचेही उठून समोरच्यांकडे जातात. तो उठला की परत येतात.

परवा स्वयंपाकघरात पाखरांनी उच्छाद मांडला, तर तुमची काकू म्हणाली, "त्या भावजींना जरा बोलावता का?" बोलावलं. काकूने मुद्दाम मोठा दिवा लावून ठेवला होता. तो आत आला आणि ओट्यावरची, भिंतीवरची सगळी पाखरं एका झपाट्यात खिडकीबाहेर गेली. काकूने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मान वर करून दिव्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "वहिनी, एखादा तरी राहिलाय का हो?"

एकही नव्हता.