बेसिनमधली साखरेची वडी

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोच्या बाबतीत, माझ्या डोळ्यांदेखत. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कोणाची मनधरणी करण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. आमच्या पालो सेकोत उन्हाळ्यातली रात्र उलट बरी. माणसं कुत्री घेऊन बाहेर पडतात, टेनिस कोर्टवर दिवे असतात, कोणीतरी मोठ्याने हसत असतं.

इथे घाबरावं ते दुपारला.

अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, टुसॉनपासून तासाभराची वाट. फक्त पंचावन्नच्या पुढच्यांची वसाहत. मे महिना आला की निम्मी माणसं उत्तरेला, थंड हवेत आपापल्या गावी निघून जातात. पडदे बंद. गाड्या झाकलेल्या. जूनच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

अशाच एका मंगळवारी, भर दुपारी, माझी वहिनी व्हर्ना समोरच्या डॉटीच्या बंद घरात शिरली...

आणि बाथरूममधलं बेसिन ओलं होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं?

आमच्याकडे जूनमध्ये दोरीवर दुसरी चादर टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते. बेसिन ओलं आहे म्हणजे कोणीतरी आत्ता, तुम्ही दारात किल्ली फिरवत असताना, तिथे हात धुतलेत.

डॉटी तर महिनाभर विस्कॉन्सिनमध्ये होती.

मागे राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांची घरं सांभाळायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आठवड्यातून एकदा जायचं, बाहेरचा पाण्याचा मुख्य कॉक उघडायचा, सगळे नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं, कॉक बंद करून परत यायचं. नाहीतर बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं, आणि गटाराचा वास आणि झुरळं घरभर होतात.

व्हर्ना हे काम डोळ्यांत तेल घालून करायची. ऐंशीला टेकलेली, मिनेसोटातल्या स्वीडिश घरातली, काठीसारखी ताठ. साखरेची चौकोनी वडी दातात धरून तिच्यातून काळी कॉफी ओढायची, तिच्या आजीसारखी. माझं आणि तिचं घर भिंतीला भिंत लागून होतं. भाऊ गेल्यावर आम्ही दोघीच एकमेकींना.

त्या मंगळवारी तिने अजून कॉक उघडलाच नव्हता.

ती तशीच उभी राहिली. घरात एसीचाही आवाज नव्हता.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला...

टप्.

एकदाच. ती गेली तर तिथे कोणी नव्हतं. सिंकच्या तळाशी एक थेंब होता. तिच्या डोळ्यांसमोर तो आटला.

व्हर्ना घाबरली नाही. तिला राग आला. तिच्या मनात पाल चुकचुकली ती लाइलच्या नावाने.

लाइल म्हणजे आमच्या वसाहतीच्या समितीतला उपटसुंभ. बंद घरांच्या सगळ्या किल्ल्या समितीकडे, म्हणजे त्याच्याकडे, असाव्यात असं त्याचं टुमणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहण्याच्या तलावात पाण्यातले व्यायाम चालले होते, तिथेच व्हर्नाने त्याला गाठलं. मी मध्येच, कमरेइतक्या पाण्यात.

"लाइल, डॉटीच्या घराची किल्ली आहे का रे तुझ्याकडे?"

"का? पार्टी करायची आहे?"

"तिथलं बेसिन कोण वापरतंय, ते शोधतेय."

"अगं बाई, मला माझं स्वतःचं बेसिन घासायचा कंटाळा. डॉटीचं कशाला घासू?" तो हसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुझं तूच तर धुऊन विसरली नाहीस ना?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. व्हर्ना हसली नाही.

"बरं, नसशील तू," लाइल म्हणाला. "मग आयरिस असेल. डॉटीच्या आधी त्या घरात राहायची ती."

"ती तर वारली ना?" मी विचारलं.

"वारली. पण कशी, ते माहीत आहे? तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. जूनमध्ये पडदे बंद, गाडी झाकलेली. सगळ्यांना वाटलं, बहिणीकडे उत्तरेला गेली. बहिणीला वाटलं, इथेच आहे, रुसली असेल. सप्टेंबरात कळलं, बाई कुठे गेलीच नव्हती."

पाण्यातही माझ्या अंगावर काटा आला.

"चावट मेला," व्हर्ना बाहेर येत म्हणाली. "मला घाबरवून किल्ली काढून घ्यायची आहे त्याला. दुसरं काही नाही."

पण 'विसरली नाहीस ना' हे तिला लागलं होतं. कारण त्या वसंतात तिने एकदा शेगडी चालू ठेवून दुपारची झोप काढली होती. तेव्हापासून तिची मुलगी मारिट हटून बसली होती: आई, फिनिक्सला चल, माझ्या घराजवळ वृद्धांची देखभाल करणारं घर आहे, तिथे राहा. व्हर्नाचं उत्तर ठरलेलं. "माझ्या घरातून मला चौघांनी उचलून न्यावं लागेल. मी चालत जाणार नाही."

त्या रविवारी मारिट येणार होती, शेवटचं काय ते ठरवायला.

"ओल्या बेसिनबद्दल तिच्यापुढे ब्र काढू नकोस," मी म्हटलं.

"उलट तिला दाखवणार आहे. पुराव्यासकट." मग माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाली, "किल्ली तर तुझ्याकडेही आहे एक."

"व्हर्ना! शोभतं का तुला?"

"आहे की नाही, तेवढं सांग."

होती. एकमेकींच्या घराच्या आणि डॉटीच्याही, सगळ्या किल्ल्या आम्हा दोघींकडे होत्या. पण इतकी वर्षं शेजारी राहून तिने मला असं विचारावं, याचं मला वाईट वाटलं.

तिने सापळा लावला. साधासुधाच. डॉटीच्या घरातली सगळी बेसिनं पुसून कोरडी केली आणि प्रत्येकात, जाळीच्या बरोबर मधोमध, साखरेची एक वडी ठेवली. पाणी सोडलं की ती विरघळल्याशिवाय राहणार नाही. कॉकवर चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहिलं.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"वड्या गेल्या! सगळीकडे ओलं आहे! पट्टी जशीच्या तशी आहे! लवकर ये!"

मी पायात सपाता अडकवून धावले. रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण गुडघे माझेही साठीतले नाहीत.

मी पोचले तेव्हा बेसिनं खडखडीत कोरडी होती.

वड्या नव्हत्या, एवढं मी पाहिलं. पण ओल... ओल मी पाहिली नाही.

"दिसतंय ना तुला?" ती विचारत राहिली. मी मान हलवली. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याही मनात संशयाचा किडा वळवळला. हिनेच वड्या काढून घेतल्या नसतील कशावरून?

तिने माझ्यासमोर नव्या वड्या ठेवल्या. दार आम्ही दोघींनी मिळून लावलं.

रविवारी मारिट आली. जेवणं झाली. व्हर्नाने तिला हाताला धरून समोर नेलं, मागोमाग मी.

बाथरूम... वडी जागच्या जागी. कोरडी.

दुसरं बाथरूम... वडी.

स्वयंपाकघर... वडी. कडासुद्धा झिजल्या नव्हत्या.

"शुक्रवारी गेल्या होत्या," व्हर्ना म्हणाली. "हिला विचार."

मारिट माझ्याकडे वळली. "आत्या, तू ओलं पाहिलंस?"

"वड्या नव्हत्या, हे पाहिलं."

"ओलं पाहिलंस का?"

"नाही गं."

व्हर्नाचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

आम्ही तिच्या घरी परतलो. मारिटचे डोळे भरून आले होते, म्हणून ती तोंड धुवायला आत गेली.

नळाचा आवाज आला नाही.

बराच वेळ आला नाही...

"आई," तिने हाक मारली. "इकडे ये जरा."

व्हर्नाच्या स्वतःच्या बेसिनमध्ये, जाळीच्या बरोबर मधोमध, साखरेची एक वडी होती.

दुसऱ्या बाथरूममध्येही. आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येही, जिथे जेवायच्या आधी मी स्वतः सॅलडची पानं धुतली होती. सिंक वाळलेलं होतं आणि वडी कोरडी होती.

"मी नाही ठेवल्या," व्हर्ना म्हणाली.

"आई, या अख्ख्या वसाहतीत या वड्या तुझ्याशिवाय कोण खातं?" मारिट रडायलाच लागली. "तू ठेवल्यास आणि विसरलीस. आता तरी माझं ऐक."

"आपण तिघी आत्ता समोर होतो. सॅलड धुतलं तेव्हा सिंकमध्ये काही नव्हतं," मी म्हटलं.

"आत्या, निघताना ती पर्स आणायला एकटी आत गेली होती."

गेली होती.

व्हर्ना मात्र वाद घालायची थांबली होती. ती त्या वडीकडे बघत होती. मग माझा दंड धरून कानाशी म्हणाली, "मी का ठेवल्या होत्या वड्या? घरात कोणी आहे का ते बघायला."

"हो."

"मग आता कोण बघतंय... या घरात कोणी आहे का ते?"

महिना संपायच्या आत ती गेली. चालत गेली, स्वतःच्या पायांनी. मारिटने गाडीचं दार उघडून धरलं होतं, आणि व्हर्नाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मी पोटभर रडले.

लाइलवर मी पाळत ठेवली. पण तो त्या गुरुवारपासून कॅलिफोर्नियात बहिणीकडे होता. समितीच्या ऑफिसातल्या बाईनेच त्याला विमानतळावर सोडलं होतं. डॉटीला फोन केला, तर ती विस्कॉन्सिनमध्ये तळ्याकाठी मजेत होती. व्हर्ना फिनिक्सहून फोन करते तेव्हा तब्येतीची चौकशी नंतर, आधी एकच विचारते. "तुझं बेसिन ओलं आहे ना?"

मी हसण्यावारी न्यायचे.

ऑगस्टातली गोष्ट. दुपारची वामकुक्षी झाली आणि मी तोंड धुवायला उठले.

तुम्हाला सांगते, मला मधुमेह आहे. माझ्या घरात कितीतरी वर्षं साखरेचा कण नाही. व्हर्नाचा वड्यांचा डबा तिच्याबरोबर फिनिक्सला गेला.

बेसिनमध्ये, जाळीच्या मधोमध...

वडी होती.

मला आयरिस आठवली. बंद पडदे आठवले. मग काय सुचलं कोण जाणे, मी दोन्ही नळ पूर्ण सोडले. वडी विरघळेपर्यंत सोडलेलेच ठेवले आणि मोठ्याने म्हणाले, "मी आहे! मी इथेच राहते! मी कुठे गेलेली नाही!"

मग नळ बंद केले.

भिंतीपलीकडे, व्हर्नाच्या बंद घरात, पाणी वाहत होतं...

थोडा वेळ वाहिलं आणि मग कोणीतरी तो नळ घट्ट फिरवून बंद केला. तिथला कॉक मी स्वतः बंद केला होता.

तेव्हापासून मी रोज दुपारी नळ सोडते. वाळवंटात पाणी असं वाया घालवू नये, कळतं मला. माझ्या मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पहिल्यांदा काय विचारेल, ते मला ठाऊक आहे.

काल त्याचा फोन आला. "आई, काय म्हणतेस? काही विसरत-बिसरत नाहीस ना?"

"छे रे, मजेत आहे," मी म्हणाले, आणि बोलता बोलता बेसिनचा नळ सोडला.